स्कॉलरशिप तोंडी, बिल मात्र लेखी

प्रति,
मुंबईतल्या ज्या ज्या खासगी शाळा क्रिकेटच्या टीमसाठी बाहेरून मुलं आणतात त्यांचे ट्रस्टी आणि मुख्याध्यापक, तसंच शालेय स्पर्धा भरवणारे सगळे पदाधिकारी यांस,

नमस्कार.

गेल्या रविवारी आमच्या खालच्या मजल्यावरचे एक भाऊ वर आले. त्यांचा मुलगा सहावीत आहे, डावखुरा, ओपनिंगला जातो, चाळीतल्या पॅसेजमध्ये त्याच्या बॉलने दोन ट्यूबलाइट गेल्यात. म्हणाले, ताई तुम्हाला यातलं माहितीय म्हणून विचारतो, एका मोठ्या शाळेतून फोन आलाय, फी एक रुपया नाही, किट पण तेच देणार, फक्त म्हणाले इतक्यात कुणाला बोलू नका. मी गॅस बंद केला आणि त्यांना बसायला सांगितलं. चार वर्षांपूर्वी मलाही असाच फोन आलेला आणि हेच वाक्य सांगितलेलं, तेव्हा मला कुणी बसवून काही सांगितलं नाही, म्हणजे एकाने सांगितलेलं पण मी ऐकलं नाही, ते पुढे येईलच.

त्या भाऊंना जे सांगितलं तेच इथे लिहितेय. पत्र तुमच्या नावाने आहे पण ज्यांच्या घरी असे फोन येतात त्या सगळ्यांनी वाचावं.

माझी ओळख म्हणजे, लालबागला राहते, एका पतपेढीत १९ वर्षं काउंटरला बसते. नवरा कुरिअर कंपनीत. मुलगा एकच, लेगस्पिनर, सध्या दहावीत. शाळेचं नाव लिहीत नाही. एक तर मुलाला अजून याच मैदानांवर खेळायचंय, आणि दुसरं म्हणजे एकाच शाळेचं नाव लिहिलं की बाकीच्या सुटल्या.

आधी एक सांगते म्हणजे गैरसमज नको. गुणी पोराला शाळेने फुकट शिकवलं तर त्यात वाईट काय आहे, काहीच नाही. या शहरात हे पहिल्यापासून चालत आलंय. सचिन वांद्र्याची शाळा सोडून दादरला शारदाश्रमात आला तो आचरेकर सरांच्या सांगण्यावरून, आणि मग १९८८ ला आझाद मैदानावर त्याची आणि कांबळीची ६६४ ची पार्टनरशिप झाली, हे मुंबईतल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. रोहित शर्माला बोरिवलीच्या शाळेत दिनेश लाड सरांनी आणलं, घरच्यांना तिथली फी झेपणारी नव्हती, शाळेने माफ केली, ही गोष्ट लाड सरही सांगतात आणि रोहितही सांगतो. लपवाछपवी कुठेच नाही. आणि कल्याणचा प्रणव धनावडे आठवा, २०१६ च्या जानेवारीत शाळेच्या मॅचमध्ये एका डावात नाबाद १००९, वडील रिक्षा चालवणारे, मुंबई क्रिकेट असोसिएशनने महिन्याला १० हजाराची स्कॉलरशिप जाहीर केली, सगळ्या पेपरात आली. पुढे त्याचा खेळ मनासारखा होईना तेव्हा वडिलांनीच असोसिएशनला पत्र लिहिलं की आता ही बंद करा. मला ते पत्र फार मोठं वाटतं. पण ते लिहिता आलं कारण स्कॉलरशिप कागदावर होती. आम्ही पत्र लिहायचं तर काय बंद करा म्हणून लिहायचं, आम्हाला काही दिलंय असं कुठे नोंदलेलंच नव्हतं.

तर आमचं कसं झालं ते.

पोरगा सहावीपर्यंत आमच्याच भागातल्या मराठी शाळेत, सेमी इंग्लिश. पीटीच्या सरांनी त्याला चौथीपासून हातात धरलेला. शाळेला मैदान नाही, मागे सिमेंटची पट्टी आहे, तिथे ओला टेनिस बॉल घेऊन सर त्याच्याकडून रोज शंभर बॉल टाकून घ्यायचे, मोजून, शाळा सुटल्यावर, त्याचे त्यांना कुणी पैसे देत नव्हतं. सहावीत असताना आझाद मैदानावर एक मॅच होती, त्यात याने ६ विकेट काढल्या. तिथे २२ पिचेस आहेत, एका मॅचचा पॉइंट दुसऱ्या मॅचच्या स्लिपच्या पाठीला पाठ लावून उभा असतो, कोण कुणाची मॅच बघतोय कळत नाही. तिथेच तंबूच्या मागे एक गृहस्थ आले, टोपी, गॉगल, म्हणाले ताई पोरगा तुमचा का, नंबर द्या. रात्री फोन. पश्चिम उपनगरातली शाळा, आयसीएसई बोर्ड, वर्षाची फी १ लाख ३८ हजार, आपल्याला शून्य. बूट, किट, मॅचच्या दिवशीचा नाश्ता सगळं शाळेचं. दहावीपर्यंत टेन्शन घ्यायचं नाही. "फक्त ताई, शाळेत फीबद्दल कुणाशी बोलू नका, कुणी विचारलं तर सांगायचं भरतो."

पीटीच्या सरांना मी चार दिवस सांगितलंच नाही, लाज वाटत होती. मग त्यांना बाहेरूनच कळलं. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "जाऊ दे ताई, पोराचं भलं होत असेल तर मी कोण अडवणारा, फक्त जे काय ठरलंय ते लिहून घ्या."

पतपेढीत पाच हजाराचं कर्ज द्यायचं तरी मी दोन जामीनदार मागते. सही जुळली नाही तर फॉर्म परत करते, म्हाताऱ्या बायका तोंडावर शिव्या देतात तरी करते. आणि पोटच्या पोराची चार वर्षं मी एका फोनवर देऊन टाकली. लिहून घ्यायचं डोक्यात आलंच नाही असं नाही, आलं, पण मोठी शाळा, मोठी माणसं, आपण कागद मागितला तर त्यांना राग येईल आणि दुसऱ्या कुणाला तरी घेतील ही भीती. ही भीती तुम्हाला बरोबर माहितीय आणि सगळा कारभार तिच्यावरच चालतो हे माझं स्पष्ट मत आहे.

सातवी चांगली गेली, खोटं कशाला बोलू. सकाळी सहाला घरातून निघायचा, करी रोडहून दादर, दादरला ते किट घेऊन ब्रिज चढून वेस्टर्नला. पहिले दोन महिने मी सोबत जायचे, तो किट घेऊन सामानाच्या डब्यात कोळणींच्या पाट्यांशेजारी आणि मी लेडीजमध्ये, उतरल्यावर त्याच्या पॅडला बोंबलाचा वास. त्या सीझनला ३१ विकेट काढल्या. शाळेच्या गेटवर बॅनर लागला, त्यात याचाही फोटो, बोर्डावर नाव. माझ्या जाऊबाईंनी तो फोटो गावच्या ग्रुपवर टाकला.

वर्गात मात्र हा शेवटच्या बाकावर. सेमी इंग्लिशमधून थेट आयसीएसई, हिस्टरीचं पुस्तक बघून मला घाम फुटला. आणि वर्गात बसायचा कधी, नोव्हेंबर ते जानेवारी नुसत्या मॅचेस, एरवी सकाळची नेट्स संपून वर्गात पोचेपर्यंत तिसरा तास. गंमत म्हणजे रिपोर्ट कार्डवर हजेरी ९६ टक्के. पोरगा मैदानावरही हजर आणि वर्गातही हजर. मी क्लास टीचरना विचारलं, त्या बिचाऱ्या खाली मान घालून म्हणाल्या वरून तसं सांगितलंय.

आणि एक गोष्ट जी मला अजून झोपू देत नाही. क्रॉस मैदानला मॅच असली की एक बाई माझ्या शेजारी येऊन बसायच्या. त्यांचा मुलगा त्या शाळेत ज्युनिअर केजीपासून, तोही लेगस्पिनर, आमचा येईपर्यंत टीममध्ये होता. आता बारावा, पाण्याच्या बाटल्या नेणारा. बाईंच्या मनात काही नाही हो, माझ्यासाठी पोहे आणायच्या डब्यातून. एकदा सहज म्हणाल्या, काय ही फी, दर वर्षी वाढवतात, तुम्हाला कसं जमतं. मी म्हटलं, भरतो कसंतरी. पोहे घशाखाली जाईनात. त्यांच्या फीतून माझ्या पोराची शाळा चालली होती आणि त्यांच्याच पोराची जागा त्याने घेतली होती, हे मला माहीत, तुम्हाला माहीत, फक्त पैसे भरणाऱ्या त्या बाईला माहीत नाही. त्यांनी हे वाचलं तर त्यांना कळेल कोण लिहितंय. माफी मागायचीय, भेटून मागेन.

आठवीत पोरगा उंच झाला. एका वर्षात पाच इंच. आमच्याकडे कुणी उंच नाही, आम्ही कौतुकाने दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघा मारत होतो. पण लेगस्पिनरचं असं की हात वाढला, खांदा वर गेला की बॉल सुटायची जागाच बदलते. कालपर्यंत जो बॉल बॅट्समनच्या डोळ्यांसमोरून वर जाऊन खाली पडायचा तो एक तर फुलटॉस जायला लागला नाहीतर मधेच आपटायला लागला. गुगली, म्हणजे बाहेर जाईल असं वाटून उलटा आत येणारा बॉल, ती तर गेलीच. जुने पीटीचे सर म्हणाले काही नाही, सहा-आठ महिने जातील, शरीर स्थिर झालं की येईल परत, घाई करू नका. पण शाळेला सहा-आठ महिने थांबायला वेळ नव्हता. अंडर-फोर्टीनचं वय संपत आलं होतं आणि अंडर-सिक्स्टीनसाठी दोन नवीन पोरं आलेली, एक विरारहून, एक डोंबिवलीहून. त्यांना काय सांगितलं असेल ते मला विचारायची गरज नाही.

मग बोलावून म्हणाले, नववीत एक वर्ष ड्रॉप घ्या, पुन्हा आठवी करा, बॉडी सेट होईल. म्हणजे पास झालेल्या पोराला मुद्दाम मागे ठेवायचं. मी नाही म्हटलं. या सगळ्यात मी बरोबर वागले अशी तेवढी एकच गोष्ट.

नववीच्या जूनमध्ये पहिल्या आठवड्यात अकाउंट्समधून चिठ्ठी. नववीची फी १ लाख ३८ हजार, पंधरा दिवसांत. शिवाय आठवीची टर्म फी, कॉम्प्युटर, ॲक्टिव्हिटी असं मिळून ४१ हजार ५०० थकबाकी. मी म्हटलं स्कॉलरशिप होती ना. क्लार्क म्हणाला कसली स्कॉलरशिप मॅडम, आमच्याकडे असं काही रेकॉर्ड नाही, ट्युशन फी तेव्हा सरांच्या सांगण्यावरून ॲडजस्ट केली होती, बाकीची तर तुमच्याच नावावर आहे. गॉगलवाल्या सरांचा फोन लागेना. मग कळलं ते आता दुसऱ्या शाळेत आहेत. चिठ्ठी व्यवस्थित लेटरहेडवर, तारीख, जावक क्रमांक, सही, शिक्का. दोन वर्षांत लिहायला त्यांना कधी कागद मिळाला नव्हता, त्या दिवशी मिळाला.

चार दिवसांनी शिपायाचा फोन, किट जमा करा. आम्ही दोघं गेलो. एका टेबलावर सगळं ओतलं आणि एकेक मोजून घेतलं, बॅट एक, पॅड जोडी, थाय पॅड, हेल्मेट, किटबॅग, चाक तुटलेलं. मग यादीत बघून म्हणतो एल गार्ड राहिला. अहो, एल गार्ड म्हणजे पँटच्या आत घालायचा, तोही दोन वर्षं वापरलेला. मुलगा १४ वर्षांचा, आई शेजारी उभी, त्याचा चेहरा लाल. मी म्हटलं, भाऊ, ते घेऊन तुम्ही काय करणार? तो म्हणाला ताई यादीत आहे. दुसऱ्या दिवशी धुऊन, प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेऊन दिला. आणि पोच मागितली. १९ वर्षांची सवय ती इथे कामाला आली. "एल गार्ड १ नग, मिळाला", सही, शिक्का. माझ्या मुलाच्या क्रिकेटबद्दल त्या शाळेने मला दिलेला तो एकच कागद, जपून ठेवलाय.

जुन्या शाळेच्या बाई त्याला परत घ्यायला तयार होत्या, त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. पण एलसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, मिळेना. थकबाकी भरा मग दाखला. आरटीई कायदा २००९ चा आहे, त्यात दुसऱ्या शाळेत जाताना दाखला ताबडतोब द्यायचा असं म्हटलंय, मी छापून नेलं. म्हणाले मॅडम तो आठवीपर्यंत, तुमचा नववीत. बरोबरच होतं त्यांचं. पोरगा कायद्याच्या कुंपणाच्या एक पाऊल बाहेर गेला तेव्हाच त्यांनी दार लावलं. शेवटी एफडी मोडून ४१ हजार ५०० भरले, ऑगस्टमध्ये दाखला हातात आला. तोपर्यंत स्पर्धेसाठी नावं द्यायची तारीख गेलेली. म्हणजे नववीचं पूर्ण वर्ष एकही ऑफिशिअल मॅच नाही. आयसीएसईतून परत एसएससी, मराठीत निबंध लिहायची सवय गेलेली, बीजगणितातले शब्द वेगळे, ते तर विचारूच नका.

आता माझं तुमच्याशी भांडण कशाचं आहे ते सांगते.

सगळ्यात मोठं म्हणजे लपवणं. चांगलं काम करताय तर लपवता का? गरिबाच्या पोराला फुकट शिकवतो हे कुठलीही शाळा गेटवर बोर्ड लावून सांगेल. तुम्ही लपवता कारण सांगितलं की तीन जण प्रश्न विचारणार. फी भरणारे पालक विचारणार आमच्या पैशातून किती जणांना आणि का. समोरची शाळा विचारणार ही टीम तुमची की बाजारातून आणलेली. आणि आमच्यासारखे विचारणार किती वर्षांसाठी. यातल्या एकाचंही उत्तर द्यायला लागू नये म्हणून ते "कुणाला बोलू नका". आणि त्यातलं सगळ्यात वाईट म्हणजे खोटं बोलायचं ओझं १२ वर्षांच्या पोरावर. माझ्या मुलाला डब्याच्या सुट्टीत मित्राने विचारलं की तुझे पप्पा काय करतात, तर हा म्हणाला बिझनेस. हे मी शिकवलं नव्हतं.

दुसरं, जोखीम सगळी आमची. पोरगा चालला तर ट्रॉफी तुमच्या कपाटात, बॅनर तुमच्या गेटवर, पुढच्या वर्षीच्या ॲडमिशनच्या माहितीपत्रकात फोटो. नाही चालला, हात मोडला, उंच झाला, तर बिल आमच्या दारात. वाढत्या वयात खेळ खालीवर होणारच, हे गल्लीतला कोच पण सांगेल. तेरा-चौदाव्या वर्षी ज्याची लाइन गेली तो संपला असं म्हणायचं असेल तर मग शाळा कशाला म्हणता स्वतःला.

अभ्यासाचं वर लिहिलंच आहे. हजेरी खोटी लावणं ही मदत नाही. मॅचला गेला तर गैरहजर लावा, पण बुडलेला भाग शिकवायला संध्याकाळी एक तास माणूस द्या.

आणि ज्या शाळांतून तुम्ही पोरं उचलता त्यांचं काय होतं ते एकदा येऊन बघा. आमच्या त्या मराठी शाळेत पीटीच्या सरांनी पंधरा पोरं जमवली की त्यातली तीन दर एप्रिलमध्ये जातात, तीन म्हणजे एक बॉलर, एक कीपर, एक बॅट्समन, म्हणजे टीमच गेली. उरलेली पोरं पुढच्या वर्षी नाव द्यायलाच नको म्हणतात, हरायलाच जायचं तर कशाला. नोव्हेंबर २०१९ मध्ये हॅरिस शिल्डला, म्हणजे मुंबईतल्या शाळांच्या जुन्या ढालीच्या स्पर्धेत, एका शाळेची अख्खी टीम ७ वर आऊट झाली होती, दहाच्या दहा पोरं शून्यावर, ते सातही रन एक्स्ट्राचे, आणि समोरच्यांचे पेनल्टीचे रन धरून ७६१. बातमी व्हायरल झाली, लोक हसले. त्या दोन्ही शाळांनी काही चुकीचं केलं असं मी अजिबात म्हणत नाही, मला त्यांचं आतलं काही माहीत नाही. पण त्या दिवशी बॅट काखेत घेऊन परत चालत आलेली दहा पोरं मला दिसतात. एकीकडे सगळं, दुसरीकडे काहीच नाही, हे असंच चालू राहिलं तर सव्वाशे वर्षांच्या त्या ढालीसाठी शेवटी चार-पाच शाळाच एकमेकांत खेळतील.

कोचवर माझा राग कमी आहे, हे पण लिहिते. त्या गॉगलवाल्या सरांना पण कुणीतरी सांगितलेलं असणार की यंदा ढाल पाहिजे नाहीतर तुमचं बघा. त्यांनी शब्द दिला तो मनापासून दिला असेल. पण शब्द देणारा माणूस शाळा बदलून गेला की शब्द पण त्याच्याबरोबर जातो, म्हणूनच तर संस्थेचा कागद पाहिजे, कोचचा फोन नको.

आता मागण्या. यात अवघड काही नाही.

ज्याला स्कॉलरशिप देताय त्याच्या घरी शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या. काय माफ, काय नाही, टर्म फी आणि ॲक्टिव्हिटी फीसकट, आणि किती वर्षं. पहिली ओळ मराठीत असू दे, आमच्यातल्या अनेकांना इंग्रजी पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं.

एकदा घेतलेल्या मुलाला दहावीपर्यंत ठेवायचं. टीममध्ये घ्या नका घेऊ, तो तुमचा प्रश्न, पण वर्गातून काढायचं नाही. दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोण करणार ते त्याच पत्रात.

अशी किती मुलं घेतली आणि त्यावर किती खर्च झाला हे दर वर्षी पालकांपुढे ठेवा. नावं नकोत, पोरांना वर्गात त्याचा त्रास होईल, नुसता आकडा. २०११ च्या फी नियमन कायद्याने फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावी लागतेच, त्याच मीटिंगमध्ये आणखी एक ओळ वाढवा.

एलसी अडवायची नाही, नववी-दहावीत पण नाही. पैशाचा वाद असेल तर माझ्याशी करा, मी पतपेढीत आहे, वसुली कशी करतात मला माहितीय, त्यासाठी पोराचा दाखला ओलीस ठेवत नाहीत.

स्पर्धा भरवणाऱ्यांना एवढंच की टीमची यादी घेताना प्रत्येक मुलासमोर एक रकाना ठेवा, या शाळेत कितवीपासून. बस. बंदी घाला असं मी म्हणत नाही, कारण बंदी घातली की फटका माझ्या मुलासारख्यालाच बसेल, ज्याला खरंच चांगली शाळा मिळू शकते त्याला. पण यादी उघड असली की कोण घडवतंय आणि कोण उचलतंय ते सगळ्यांना दिसेल. आणि शाळा उशिरा दाखला देते म्हणून मुलाचं नाव नोंदवायचं राहत असेल तर त्याला मुदत वाढवून द्या, त्यात त्याचा दोष काय. जमलं तर ज्या शाळेतून पोरगा आला त्या शाळेचं नाव पण ट्रॉफीच्या दिवशी एकदा माइकवर घ्या. आमच्या पीटीच्या सरांनी आयुष्यात एकदा तरी ते ऐकावं असं मला वाटतं, ते पुढच्या वर्षी रिटायर होतायत.

आणि माझी स्वतःची एक. ते ४१ हजार ५००. ते पैसे माझे नव्हते, पोराच्या अकरावीसाठी ठेवलेले होते. परत द्या. कुठल्या शाळेने द्यायचे ते त्या शाळेला माहितीय.

खालच्या मजल्यावरचे भाऊ अजून ठरवतायत. मी त्यांना जाऊ नका म्हटलं नाही. म्हटलं, जा, पण जाताना दोन छापील प्रती घेऊन जा, मी लिहून देते, एकावर त्यांची सही घ्यायची आणि एक त्यांच्याकडे ठेवायची. सही करतो म्हणाले तर पोराचं नशीब, नाही म्हणाले तर तेव्हाच कळलं. त्यांनी विचारलं, राग आला त्यांना तर? मला पटकन उत्तर सुचलं नाही.

पोराचं विचाराल तर तो ठीक आहे. उंची थांबली. संध्याकाळी शाळेच्या मागच्या सिमेंटच्या पट्टीवर तोच ओला टेनिस बॉल, सर खुर्ची टाकून बसतात आणि मोजतात. गेल्या महिन्यात एकदा सर मोजायचे थांबले, मी गेटातून बघत होते, बॉल ऑफच्या बाहेर पडला आणि आत आला. सर काही बोलले नाहीत, पुन्हा एक म्हणून मोजायला सुरुवात केली.

मुख्याध्यापक साहेब, ट्रस्टी साहेब, या पत्राला उत्तर द्यायचं असेल तर माझा पत्ता तुमच्या ऑफिसात आहे, त्यावरच तुमची चिठ्ठी आली होती. फोन करू नका, लेखी पाठवा.

आपली,
एका लेगस्पिनरची आई
लालबाग, मुंबई